पवनाचे ऋण आणि दीपावलीचा धूर

दीपावली हा तेजाचा उत्सव होय, हे सांगावयास कोणा हरिदासाची गरज नाही. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा होते, त्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे दिवा लागतो, चतुर्दशीला अभ्यंग घडते, अमावास्येला लक्ष्मीपूजन होते आणि प्रतिपदेला बळिराजाचे स्मरण. गोमातेच्या रूपाने पृथ्वीची, स्नानाच्या रूपाने जलाची, पणतीच्या रूपाने तेजाची पूजा आपण आठवणीने करतो. राहतो तो वायू. पंचमहाभूतांपैकी हे भूत डोळ्यांस दिसत नाही, म्हणून सणाच्या गडबडीत त्याची आठवण कोणास होत नाही. त्या न दिसणाऱ्या देवतेविषयी आज चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात आहे. त्यास निमित्त झाली ती आमची स्वतःचीच एक चूक.

काही वर्षांपूर्वी नरकचतुर्दशीच्या रात्री मंदिरात आमचे कीर्तन होते. उत्तररंगात नरकासुराचे आख्यान रंगले होते, बाहेर फटाक्यांचे आवाज चालले होते. श्रोत्यांना हसविण्याच्या ओघात आम्ही बोलून गेलो की, या धुराला नावे ठेवू नका, जसा होमाचा धूर तसा हा. याने डास मरतात आणि हवा शुद्ध होते. श्रोत्यांनी टाळ्या दिल्या. आम्हीही सुखावलो.

लक्ष्मीपूजनानंतरच्या पहाटे आम्ही काकडआरतीस निघालो. नदीवर धुराचा एक करडा पडदा आडवा पसरला होता. शिखराचा कळस त्याच्या वर स्वच्छ दिसत होता, खालचा घाट मात्र दिसेना. घाटाच्या पायऱ्यांवर आमचे तबलजी बसलेले आढळले. तीस वर्षे त्यांनी आम्हास साथ केली आहे. लयीत कधी चुकले नाहीत. त्या पहाटे मात्र त्यांच्या श्वासाची लय बिघडली होती. त्यांना जुना दमा आहे. आम्हास पाहून ते तुटक तुटक म्हणाले, "बुवा, परवा आपण म्हणालात, या धुराने हवा शुद्ध होते. त्या शुद्ध हवेने मला रात्रभर अंथरुणावर बसवून ठेवले हो."

त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. संस्कृत व्याकरणाचा अभ्यास करण्यात आमचे आयुष्य गेले. 'पवन' हा शब्द 'पू' म्हणजे शुद्ध करणे या धातूपासून झाला, हे आम्ही विद्यार्थ्यांना किती वेळा शिकविले असेल! जो पावन करतो तो पवन. त्याच पवनाला मलिन करणाऱ्या गोष्टीची आम्ही नारदाच्या गादीवरून भलामण केली होती. मग आम्ही गावातील एका निवृत्त रसायनशास्त्राच्या अध्यापकांकडे गेलो. ते आमचे नित्याचे श्रोते. त्या आठवड्यात मात्र ते वक्ते झाले आणि आम्ही श्रोते. त्यांच्यापाशी बसून आणि पुढे ग्रंथ वाचून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

वायूचे पांघरूण

आपल्या भोवतीच्या कोरड्या हवेचे शंभर भाग केले तर त्यांतील सुमारे ७८ भाग नत्रवायू, म्हणजे नायट्रोजन असतो. सुमारे २१ भाग प्राणवायू. उरलेल्या एका भागात बहुतेक आरगॉन नावाचा वायू. कर्बवायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड अवघा ०.०४ टक्क्यांच्या आसपास. पण वनस्पतींचे सारे अन्न त्यावर उभे आहे. याशिवाय हवेत बाष्प असते, ते ऋतुमानाप्रमाणे कमीजास्त होते.

आकाश अनंत आहे, म्हणून हवाही अनंत असावी, असा आपला समज असतो. तो खरा नाही. पृथ्वीवरील हवेचे निम्मे वजन पहिल्या साडेपाच किलोमीटरांतच सामावलेले आहे. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७० किलोमीटर, हे लक्षात घेतले म्हणजे हे पांघरूण किती पातळ आहे ते उमगेल. त्या पांघरुणाखाली आपण सारे एकाच घरातील माणसांप्रमाणे राहतो. शेजाऱ्याचा श्वास तोच आपला.

आता त्या पहाटेच्या धुराचे कारण पाहू. एरवी जमिनीजवळची हवा उन्हाने तापते, हलकी होते आणि वर चढते. धूरही तिच्याबरोबर वर जाऊन विरतो. वर जावे तसे सरासरीने दर किलोमीटरला साडेसहा अंश तापमान उतरते. पण पावसाळा सरून आकाश निरभ्र झाले, रात्री थंड आणि वारा मंद झाला, की जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडून देते. तिच्या लगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते, तर थोड्या उंचीवरची हवा तिच्याहून उबदार राहते. भांड्यावर झाकण पडावे तसे होते. नदीकाठच्या खोलगट गावात तर आजूबाजूच्या उतारांवरची गार हवाही घसरत येऊन साठते. मग धुराला वर जाण्यास वाट राहत नाही. सूर्य चांगला वर येऊन जमीन तापेपर्यंत तो तेथेच कोंडून राहतो. दीपावली नेमकी याच दिवसांत येते. कळस स्वच्छ आणि घाट झाकलेला दिसला, त्याचे रहस्य हे.

त्या धुरात असते काय? फटाक्याच्या काळ्या दारूत परंपरेने साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असते. गंधक जळून घसा जाळणारा सल्फर डायऑक्साइड वायू होतो. हिरव्या रंगासाठी बेरियमचे, तांबड्यासाठी स्ट्रॉन्शियमचे क्षार घालतात. लखलखाटासाठी ॲल्युमिनियमची भुकटी. या साऱ्यांचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. अडीच मायक्रॉनहून लहान कण हे माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक. नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत; ते फुप्फुसाच्या अगदी आतल्या पुटिकांपर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ठरविलेली मर्यादा अशी की, चोवीस तासांच्या सरासरीने एक घनमीटर हवेत असे कण १५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावेत. आपल्या देशाने २००९ साली ६० ही मर्यादा घातली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मोठ्या शहरांत ही दुसरी मर्यादाही कित्येक पटींनी ओलांडली गेल्याच्या नोंदी आहेत. हा धूर होमाचा नव्हे, आणि डासांचे औषध तर मुळीच नव्हे.

नत्राचे रहाटगाडगे

यापुढची गोष्ट आम्हास अधिक विस्मयाची वाटली. हवेतील तीन चतुर्थांशांहून अधिक भाग नत्रवायूचा; आपण तो प्रत्येक श्वासात आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर टाकतो. त्याचे दोन अणू परस्परांना इतके घट्ट बिलगलेले असतात की, सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत. तरीही आपल्या देहातील मांस, रक्त, त्वचा, एवढेच काय पण पिढ्यान्‌पिढ्या चालणारी आनुवंशिक द्रव्येही नत्रावाचून होत नाहीत. मग ते देहात येते कोठून?

थोडेसे विजेपासून येते. आकाशात वीज चमकते तेव्हा तिच्या प्रचंड उष्णतेने नत्रवायू आणि प्राणवायू एकत्र येतात, आणि ते संयुग पावसाबरोबर मातीत उतरते. परंतु मोठा वाटा आहे तो डोळ्यांस न दिसणाऱ्या जिवाणूंचा. हरभरा, तूर, मूग, उडीद, भुईमूग यांचे रोप हलक्या हाताने उपटून पाहावे. मुळांवर बारीक गाठी दिसतील. जोमात काम करणारी गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी दिसते. तेथे राहणारे जिवाणू हवेतील नत्र बांधून रोपाला देतात आणि रोप त्यांना शर्करा देते. या गाठींचे कार्य हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ या काळात सिद्ध केले. आपले शेतकरी ज्वारीनंतर हरभरा किंवा कपाशीत तूर घेत आले, त्यामागील शास्त्र ते हेच.

रोपातील नत्र गाईच्या पोटात जाते, तेथून शेणागोमूत्रातून पुन्हा मातीत. मातीतील दुसरे जिवाणू त्याचे आधी अमोनिया आणि मग नायट्रेट करतात; ते पिकाच्या मुळांना शोषता येते. आणखी काही जिवाणू उरलेले नायट्रेट फोडून नत्रवायू हवेला परत करतात. भरलेले गाडगे वर येते, रिकामे खाली जाते, आणि रहाट चालू राहतो. वसुबारसेला ज्या धेनूपुढे आपण निरांजन ओवाळतो, ती या रहाटाची एक मोठी कडी आहे.

आणि आता सोऱ्याकडे वळू. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. सतराव्या-अठराव्या शतकांत बिहारमध्ये गोठ्यांची आणि वस्तीची जुनी माती खरवडून, ती पाण्यात विरघळवून आणि ते पाणी आटवून सोरा काढीत. पाटण्याहून तो डच आणि इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतून युरोपातील तोफांसाठी जात असे. म्हणजे गोमूत्रातून मातीत आलेले जे नत्र पिकास मिळावयाचे, तेच दारूत जाऊन उडाले! आज सोरा कारखान्यांत तयार होतो, पण नत्र तेच. द्वादशीला जिची पूजा करावी तिचेच देणे अमावास्येला धुरात उडवावे, याला काय म्हणावे हे वाचकांनीच ठरवावे.

मर्यादेचे उल्लंघन

माणसाने हा रहाट आपल्या हाताने फिरविण्यास आरंभ केला तो विसाव्या शतकात. फ्रिट्झ हाबर याने १९०९ साली हवेतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला. १९१३ साली कार्ल बॉशच्या प्रयत्नाने त्याचा कारखाना निघाला. आज जगातील सुमारे निम्म्या लोकांचे अन्न या कृत्रिम खतांवर अवलंबून आहे असा अंदाज आहे. त्यास पाप म्हणणे हा कृतघ्नपणा ठरेल; युरियाने कोट्यवधी मुखांत घास घातला. परंतु अन्नही अति झाले की विष होते. पिकाने न घेतलेले नायट्रेट विहिरीत झिरपते. आपल्या देशात पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. त्याहून अधिक झाले तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. पृथ्वीला तापविण्यात तो कर्बवायूहून वजनागणिक सुमारे २७० पट प्रबळ आहे. सांडपाण्यातले नत्र नदीत साठते आणि जलपर्णी माजते. आळंदीच्या इंद्रायणीत वारकऱ्यांनी ती वारंवार पाहिली आहे.

हवेतही तेच. जे कार्य वीज क्षणभर करते, तेच मोटारीच्या इंजिनाची उष्णता दिवसरात्र करते. नत्राची ती ऑक्साइडे दाट वस्तीच्या रस्त्यांवर साठतात, आणि उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन हा दाहक वायू तयार होतो. कर्म एकच, प्रमाण आणि स्थान बदलले की त्याचे फळ बदलते.

मग करावे काय? लक्ष्मी काही आवाजाने येत नाही. ती स्वच्छ उंबरठ्यावर आणि शांत दिव्याजवळ येते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दीपावलीच्या रात्री फटाक्यांसाठी ८ ते १० ही वेळ घालून दिली आणि बेरियमच्या क्षारांना मनाई केली. ज्यांना मुलांची हौस मोडवत नाही त्यांनी निदान हे बंधन पाळावे, आणि घराच्या बोळात न उडवता मोकळ्या मैदानात उडवावे. घरी वृद्ध, तान्हे मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर त्या पहाटे ऊन वर येईपर्यंत त्यास बाहेर काढू नये. देवघरात उदबत्ती लावताना खिडकी उघडी ठेवावी. कोंडलेला धूर हा शेवटी धूरच. अंगणातील पालापाचोळा जाळू नये, तुळशीच्या आळ्यात कुजू द्यावा. त्यातील नत्र मातीचे ऋण आहे, ते मातीस परत जाऊ द्यावे.

त्या वर्षीच्या वैकुंठ चतुर्दशीस आम्ही त्याच मंदिरात पुन्हा कीर्तनास उभे राहिलो. नमन झाल्यावर, पूर्वरंगास हात घालण्यापूर्वी, श्रोत्यांची हात जोडून क्षमा मागितली आणि आपले शब्द मागे घेतले. जे गादीवरून बोललो ते गादीवरूनच मागे घेणे आवश्यक होते. सभामंडपात क्षणभर शांतता पसरली. त्या शांततेत आमच्या उजव्या हातास बसलेल्या तबलजींचा श्वास आम्हास ऐकू आला. तो संथ आणि मोकळा होता. मग त्यांनी तबल्यावर थाप दिली, आणि आम्ही निरूपणास आरंभ केला.