धाडची बोली यंत्राला कळेल का?

धाड हे बुलढाणा तालुक्यातलं, जालना जिल्ह्याच्या शिवेजवळचं मोठं गाव. बुलढाणा जिल्हा विदर्भात, पण मराठवाडा हाकेच्या अंतरावर. इथल्या एखाद्या आजीचं तासभराचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, तर ते शब्दन् शब्द कागदावर कोण उतरवणार? कॅसेटच्या काळात या प्रश्नाला माणूस हे एकच उत्तर होतं. आज मोबाइल हे काम काही मिनिटांत करून देतो. ते कसं करतो, हे मात्र नीट पाहायला हवं.

कॅसेटवरून मजकूर उतरवणं म्हणजे कान आणि बोटं दोन्हींची कसोटी होती. बटण दाबायचं, अर्धं वाक्य ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, शंका आली की फीत मागे घ्यायची. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला चार ते सहा तास सहज जात. बोली अनोळखी असली किंवा मागे पिठाची गिरणी चालू असली, तर त्याहूनही जास्त.

महाराष्ट्रात अशा कष्टांचं सर्वांत मोठं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी 1980 च्या दशकात पुण्यातून हे काम हाती घेतलं. हजाराहून अधिक गावांतल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या, त्याही सुरुवातीला हाताने लिहून. 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल या संशोधकाची साथ मिळाली, ध्वनिमुद्रण झालं, संगणकावर नोंदी झाल्या. ओवी, ती गाणारी बाई, तिचं गाव आणि तिचा आवाज यांची सांगड बसली. 2017 पासून ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हा ठेवा लोकांपुढे आणत आहे. कागदावरच्या ओळीमागचा मूळ आवाज आता कुणालाही ऐकून पडताळता येतो. कामाचा वेग वाढण्यापेक्षा हा बदल कितीतरी मोलाचा आहे.

वेगही अर्थात वाढला. 21 फेब्रुवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे महाराष्ट्रातल्या शिवसेनेच्या वादाची सुनावणी चालू होती. त्या दिवशी न्यायालयाने पहिल्यांदाच यंत्राकडून युक्तिवाद बोलता बोलता लिहून घेतले. दोघे एकदम बोलले की यंत्र अडखळतं, हे तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी तेव्हाच सांगितलं होतं. चुका दुरुस्त करायला माणसं नेमलेली होतीच.

ते काम तर इंग्रजीतलं. मराठीची, त्यातही धाडकडच्या वऱ्हाडी बोलीची, अडचण अधिक खोल आहे. यंत्र ऐकलेल्या नमुन्यांवरून शिकतं. ‘व्हिस्पर’ ही बोलणं लिहून काढणारी प्रणाली 2022 मध्ये आली, तेव्हा तिला 6 लाख 80 हजार तासांचं ध्वनिमुद्रण शिकवलं होतं, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा इंग्रजीचा होता. वऱ्हाडीत ‘डोळा’ ‘डोया’ होतो, ‘काळा’ ‘काया’ होतो. रंगाबद्दल चाललेलं बोलणं यंत्राने शरीरावर नेलं, तर नवल नाही. कधी कधी तर शांततेच्या जागी ते कुणीच न बोललेली वाक्यं भरतं. दवाखान्यातल्या किंवा कोर्टातल्या नोंदीत ही चूक किती महागात पडेल!

म्हणून उतरवणाऱ्याचं काम संपलेलं नाही. ते टंकलेखनाकडून तपासणीकडे सरकलं आहे. ‘डोया’ तसाच ठेवायचा की प्रमाण रूप लिहायचं, हे तोच ठरवतो. पण तपासणी म्हणजे हलकं काम, असं समजून मोबदला कमी केला जातो. हा अन्याय आहे. सफाईदार दिसणाऱ्या मजकुरातली चूक पकडायला कान अधिक तयार लागतो.

भाषेचं असं काम शिकलेल्या शहरी माणसांनाच नीट जमतं, हाही गैरसमज. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण आणि शहरी अल्प उत्पन्न गटातले लोक व विद्यापीठातले विद्यार्थी अशा 36 जणांकडून 109 तासांचं मराठी बोलणं जमवलं गेलं. गरीब घरांतल्या माणसांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं.

धाडमधल्या शाळांनी आणि वाचनालयांनी हे मनावर घ्यावं. गावातल्या वडीलधाऱ्यांचं बोलणं त्यांच्या संमतीने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावं. नाव, गाव, तारीख लिहून मूळ ध्वनी दोन ठिकाणी जपावा. पहिला मसुदा यंत्राने केला तरी चालेल. तपासायला मात्र गावातलाच माणूस बसवावा, आणि त्याला त्या कामाचे पैसे द्यावेत.