कोरा रकाना

मार्चमधली संध्याकाळ. कोळवण खोऱ्यातून परतताना मुळशी तालुक्यातल्या पौडजवळ एका ताईंकडे थांबलो. त्या आदिवासी मुलींचं वसतिगृह चालवतात. आत मुलींची पंगत बसली होती आणि पडवीत ताई पगाराचं रजिस्टर उघडून बसल्या होत्या. नऊ नावं. आठांपुढे रक्कम आणि सही. नववं नाव त्यांचं स्वतःचं, आणि त्यापुढचा रकाना सलग तिसऱ्या महिन्यात कोरा.

"कुणाला बोललात का?"

"घरचे म्हणतील, सोडून दे. मुलींना सांभाळणाऱ्या बायकांना कळलं तर त्या धास्तावतील. देणगीदार हात आखडता घेतील. आणि विश्वस्त तर मलाच जाब विचारतील." रजिस्टर मिटून त्या आमटी वाढायला उठल्या.

संस्थाचालकाभोवती दिवसभर माणसांचा राबता असतो. त्याचं एकटेपण म्हणूनच कुणाच्या ध्यानात येत नाही. येणारा प्रत्येक जण काही मागायला, विचारायला किंवा तपासायला येतो. मन मोकळं करायला बरोबरीचं माणूस लागतं, आणि नेमका त्याच माणसाचा पगार द्यायला कुणी तयार नसतं. देणगी मिळते ती गणवेशाला, धान्याला, खोल्यांना. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च किती करावा, याची मर्यादा 2020 साली 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. अशा वेळी पहिली कात्री लागते ती दुसऱ्या फळीला. मग सगळा भार एकाच डोक्यावर येतो, आणि पाहणारे त्याला त्याग म्हणतात. मला हे कौतुक क्रूर वाटतं.

याच मुळशीत 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांचा सत्याग्रह उभा राहिला. विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट आणि शेकडो शेतकरी त्यात होते. पुढे जमीन सोडायचीच नाही की मोबदला घ्यायचा, यावरून फाटाफूट झाली. पुण्यातल्या पुढाऱ्यांचा उत्साहही ओसरला. 1924 च्या डिसेंबरात बापटांनी मोजक्या साथीदारांसह बांधकामाची रेल्वे अडवली आणि 7 वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. त्या धाडसापुढे मी नतमस्तक आहे. तरी वाटतं, गर्दी पांगल्यावर शेवटचा निर्णय किती थोड्या खांद्यांवर येऊन पडला होता.

ताईंना वाट सापडली ती साधीच. भोर आणि मावळातले दोन संस्थाचालक आणि त्या, असे तिघं आता महिन्यातून एकदा भेटतात. इतिवृत्त नाही, फोटो नाही, देणगीदार नाही. आपापल्या वह्या मात्र आणायच्या. एकमेकांच्या संस्थेशी पैशाचा संबंध नसल्याने खरं बोलायला भीती वाटत नाही. विश्वस्तांनी अशा भेटीचा प्रवासखर्च अंदाजपत्रकात धरावा. तो प्रशिक्षणाइतकाच गरजेचा आहे.

पहिल्याच भेटीत भोरच्या भाऊंनी रजिस्टर चाळलं आणि नवव्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ताई, हा रकाना कोरा का?"

त्या दिवशी शेवटची एसटी चुकली, असं ताई सांगत होत्या.