घरच्या घरीं ध्वनिमुद्रण : मिक्सर व संगणक यांची जोडणी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादी आजी असेल, जिला जात्यावरच्या ओव्या अजून मुखोद्गत आहेत; किंवा एखादे आजोबा असतील, जे पेटीवर नाताळचीं गीतें वाजवितात. असा आवाज टिपून ठेवण्याची इच्छा मुलांस होते, ही गोष्ट आम्हांस स्तुत्य वाटते. एकट्या माणसाचें बोलणें मोबाइलवरही बरें टिपतां येतें. परंतु गाणें, पेटी व तबला हीं तिन्ही एकत्र आलीं, कीं प्रत्येकासमोर निराळा मायक्रोफोन ठेवून आवाजांचें प्रमाण राखावें लागतें. हें काम मिक्सर करतो. (मिक्सर म्हटल्याबरोबर मातुःश्रींस चटणी आठवेल, तो मिक्सर हा नव्हे.) मिक्सरमध्यें एकवटलेला हा आवाज संगणकांत निर्दोष कसा न्यावा, एवढेंच येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

मायक्रोफोनमधून निघणारा विद्युद्दाब फारच दुर्बळ असतो. तो व्होल्टाच्या हजाराव्या भागांत मोजतात. मिक्सर त्यास वाढवून बाहेर पाठवितो, तेव्हां तो घरगुती मापानें सुमारें ०.३ व्होल्ट, तर धंदेवाईक मापानें सुमारें १.२ व्होल्ट होतो. या वाढलेल्या दाबास ‘लाइन’ पातळी म्हणतात. टेबलावरील संगणकाच्या पाठीमागें साउंड कार्डाचीं बहुधा तीन भोंकें असतात : गुलाबी मायक्रोफोनचें, निळें लाइन-इनचें, हिरवें बाहेर जाणाऱ्या आवाजाचें. मिक्सरची तार निळ्यांतच घालावी. गुलाबी भोंक दुर्बळ आवाजाकरितां केलेलें असतें. त्यांत मिक्सरचा जोरदार आवाज सोडला, कीं तो फाटतो. तार साधीच लागते. मिक्सरवर ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’ असें लिहिलेलीं दोन भोंकें असल्यास तेथें तारेचीं लाल व पांढरीं टोकें बसवावीं आणि दुसऱ्या बाजूची ३.५ मिलिमीटरची पिन संगणकांत घालावी.

लॅपटॉपवर मात्र बहुधा एकच भोंक असतें, आणि तें हेडफोन-मायक्रोफोनचें. तेथें निळ्या भोंकाचा शोध करणें व्यर्थ होय. यूएसबीनें जोडावयाची ‘ऑडिओ इंटरफेस’ नांवाची लहानशी पेटी घ्यावी, म्हणजे काम भागतें. कित्येक मिक्सरांत ती आंतच बसविलेली असते. पालकांनीं एवढें पाहून घ्यावें, कीं अशा स्वस्त मिक्सरांतून बहुधा मिसळून झालेला डावा-उजवा आवाजच संगणकांत जातो. पेटी फार मोठी झाली, तर ती मागाहून लहान करणें कठीण. प्रमाण आधींच साधलें पाहिजे.

आतां मुख्य गोष्ट. आजीस तिच्या सर्वांत उंच स्वरांत एक ओवी म्हणावयास सांगावें, आणि मिक्सरवरील गेनचें बटण तांबडा दिवा लागणार नाहीं इतपतच फिरवावें. मग संगणकावरील मापक पाहावा. त्याचा माथा म्हणजे शून्य डेसिबेल. मोठ्यांतला मोठा आवाज उणें १२ च्या आसपास राहील असें करावें. शून्याच्या वर संगणकाजवळ आंकडाच नसल्यामुळें ध्वनिलहरींचे शेंडे सपाट कापले जातात. पायलीच्या मापांत सव्वा पायली धान्य ओतलें, तर वरचें सांडतेंच. फरक इतकाच, कीं सांडलेलें धान्य वेचतां येतें, सांडलेला स्वर वेचतां येत नाहीं. उलट आवाज थोडा लहान राहिला, तर मागाहून वाढवितां येतो. म्हणून मोह आवरून मापक खालींच ठेवावा. आजीला पुन्हां गा म्हटलें, तरी पहिली लय पुन्हां लागेलच असें नाहीं.

संगणकाचा आवाज ऐकण्यासाठीं हिरव्या भोंकांतील तार मिक्सरच्या एखाद्या मार्गांत आणतात. तो मार्ग मुद्रण चालू असतां बंद ठेवावा. नाहींतर मिक्सरचा आवाज संगणकांत, संगणकाचा पुन्हां मिक्सरमध्यें, असा फेरा सुरू होऊन प्रतिध्वनि उठतो किंवा कर्कश शीळ वाजते. गाणाऱ्यानें हेडफोन मिक्सरलाच लावून ऐकावें. संगणकाच्या वाटेनें आलेला आवाज किंचित् उशीरानें येतो व ताल चुकवितो.

एवढें करूनही घूंऽऽ असा नाद ऐकूं आल्यास, तो बहुधा घरांतील ५० हर्ट्‌झच्या विजेचा असतो. मिक्सर व संगणक एकाच फळीवर जोडून पाहावे. लॅपटॉप असल्यास चार्जर काढून बॅटरीवर चालवावा. नाद घालविण्यासाठीं प्लगाची जमिनीची तिसरी पिन कोणीही काढूं नये. ती जीव वांचविण्यासाठीं असते.

मुद्रणास दर सेकंदास ४४,१०० नमुन्यांचें माप पुरेसें आहे. १६ बिटांचा स्टीरिओ आवाज मिनिटास सुमारें १० मेगाबाइट जागा घेतो. २४ बिटांची सोय असल्यास ती घ्यावी. प्रथम पंखा बंद करून एक मिनिटाचें मुद्रण करावें व तें हेडफोननें ऐकावें, मगच आजीस बसवावें. काम संपतांच फाइलीची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवावी, आणि ओवी कोणीं, कोठें व केव्हां म्हटली, हें फाइलीच्या नांवांतच लिहावें.