कळलावी : लेप आणि विष

यवतमाळ जिल्ह्यातील पानझडी अरण्यांत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीचा, म्हणजे ग्लोरिओसा सुपर्बा या वेलीचा, उपयोग तिच्या नावातच आला आहे. प्रसूतीच्या कळा सुरू व्हाव्यात म्हणून तिच्या कंदाचा लेप ओटीपोटावर लावण्याची परंपरा आहे. आयुर्वेदात ती लांगली होय. तथापि तिच्या कंदात व बियांत कोल्चिसीन हे विषारी अल्कलॉइड असते. १८२० साली पेल्त्ये व काव्हाँतू यांनी कोल्चिकम या युरोपीय वनस्पतीतून ते प्रथम वेगळे केले. गाऊटवर ते अत्यल्प मात्रेत देतात. मात्रा वाढल्यास मृत्यू ओढवतो. म्हणून वनौषधींची नोंद करताना वनस्पतीचे नाव व रोग एवढेच टिपून भागत नाही. वापरलेला भाग, कृती, मात्रा आणि औषध पोटात की बाहेरून, हेही नोंदले पाहिजे. लेपाऐवजी काढा असे लिहिले गेल्यास ती चूक रोग्याच्या जिवावर बेतेल.