जुना फ्लॅट घेऊन 'स्मार्ट' करायचाय? ठाणे-कल्याण-डोंबिवलीत आधी या क्रमाने तपासा

जुन्या वन बीएचकेच्या मेकओव्हरचे रील तुम्हीही बघितले असतील. पिवळट भिंती, मोझॅकची फरशी, खिडकीला गंजलेलं ग्रील. आणि तीस सेकंदांनी तेच घर पांढरंशुभ्र, मॉड्युलर किचन, आवाजावर चालणारे दिवे. गेले सहा महिने मी आणि माझी ताई असंच एखादं घर शोधतोय. ठाण्यात नौपाडा, डोंबिवलीत रामनगर आणि टिळकनगर, कल्याण पश्चिमेला जुन्या गावाच्या आसपास. मोह का होतो ते सांगायला नको. स्टेशन चालत गाठता येतं, खोल्या ऐसपैस असतात आणि नव्या टॉवरपेक्षा भाव कमी असतो.

पण रीलमध्ये एक गोष्ट दिसत नाही: ती इमारत. फ्लॅट तुम्ही कितीही चकाचक करा, तो उभा असतो त्याच जुन्या कॉलमवर आणि त्याच जुन्या कागदांवर. म्हणून आम्ही क्रम ठरवलाय. आधी कागद, मग सांगाडा, मग वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी इंटिरियर. पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर पुढे जायचंच नाही. चला, एकेक करून बघूया.

१. कागद: फोनवर किती कळतं?

बरेच जण पहिल्यांदा महारेराची साइट उघडतात. पण महारेरा सुरू झालं १ मे २०१७ ला. त्याआधी पूर्ण झालेल्या इमारतीची तिथे नोंद नसते, त्यामुळे चाळीस वर्षं जुनी इमारत तिथे दिसली नाही तर घाबरू नका. उलटंही लक्षात ठेवा. महारेरा नंबर आहे म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवतंय ना? महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून तिथे रेरा नोंदणी मिळवली होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. लोकांनी कर्ज काढून घरं घेतली होती.

मग बघायचं काय?

• बांधकाम परवानगी आणि ओसी. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे, राहायला हरकत नाही, असं महापालिकेने दिलेलं पत्र. सोसायटीकडे प्रत नसेल तर महापालिकेच्या नगररचना विभागात माहिती अधिकाराचा अर्ज करा. अर्जाचं शुल्क १० रुपये आहे.

• टॅक्स पावतीवर विसंबू नका. "घरपट्टी भरतोय, लाइट बिल नावावर आहे, अजून काय पाहिजे?" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की आता पाठ झालंय. अनधिकृत इमारतीलाही कर लागतो आणि मीटरही मिळतो. ती पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे.

• २७ गावांचा प्रश्न. कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या पट्ट्यातली २७ गावं २००२ मध्ये महापालिकेतून बाहेर पडली आणि २०१५ मध्ये परत आली. मधल्या काळातल्या काही इमारतींचे मालक फक्त ग्रामपंचायतीचा कागद दाखवतात. बहुमजली इमारतीसाठी तेवढा कागद पुरत नाही. असा कागद पुढे आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका.

• ई-सर्च. आयजीआर महाराष्ट्र, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर जुन्या व्यवहारांची नोंद मोफत शोधता येते. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाकायचा. इथे एक गंमत आहे. गावाच्या जागी 'डोंबिवली' टाकून काही सापडेलच असं नाही, कारण कागदावर महसुली गावाचं नाव असतं: आयरे, गजबंधन पाथर्ली वगैरे. मालकाच्या करारनाम्यात 'मौजे' या शब्दापुढे जे नाव असेल ते वापरा. शोध लागला की 'इंडेक्स २' उघडा. कोणी कोणाला, किती रुपयांना, किती क्षेत्रफळ विकलं ते त्यात असतं. जुने दस्त ऑनलाइन सापडतीलच असं नाही. त्यासाठी वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयात सर्च करून घ्या.

• जमीन कोणाच्या नावावर? महाभूमीच्या साइटवर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक बघा. तिथे अजून जुन्या जमीनमालकाचं किंवा बिल्डरचं नाव असेल तर कन्व्हेयन्स झालेलं नाही. यावर उपाय आहे: २००८ पासून सोसायटीला डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मानीव अभिहस्तांतरण मागता येतं. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. पण ते काम झालेलं आहे की 'करू कधीतरी' अवस्थेत आहे, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

आणि घर पागडीचं असेल तर तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता. घरमालकाच्या संमतीशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. त्याचा हिशेबच वेगळा, तो या लेखात नको.

२. सांगाडा: इथे ॲप चालत नाही

२८ जुलै २०१५ च्या रात्री ठाकुर्लीत मातृकृपा इमारत कोसळली, ९ जण गेले. आठवडाभरात, ४ ऑगस्टला, नौपाड्यात बी-केबिनजवळ कृष्णा निवास पडली, १२ जण गेले. पावसाळा आला की ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढतात. तुमची इमारत त्यात आहे का ते सगळ्यात आधी बघा. वर्ग असे असतात:

• सी-१: राहण्यायोग्य नाही, रिकामी करून पाडायची.
• सी-२ए: रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची.
• सी-२बी: लोक राहत असताना दुरुस्ती चालते.
• सी-३: किरकोळ दुरुस्ती.

यादीत नाव नाही म्हणजे इमारत ठणठणीत, असं समजू नका. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून महापालिकेला प्रमाणपत्र देणं कायद्याने बंधनकारक आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. म्हणून आम्ही प्रत्येक सोसायटीत पहिला प्रश्न हाच विचारतो: "काका, शेवटचं ऑडिट कधी झालं? रिपोर्ट बघायला मिळेल?" डोंबिवलीत एका सेक्रेटरी काकांनी हसून सांगितलं, "अरे, बिल्डिंग दगडासारखी आहे, ऑडिट कशाला?" ताईने तिथेच वही बंद केली.

काँक्रीट जुनं होतं म्हणजे नक्की काय होतं? काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतली सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, हा गुण कमी होतो आणि सळई गंजायला लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. आपल्याकडे खाडीची रेती नीट न धुता वापरली असेल तर मिठामुळे हे आणखी लवकर होतं. ऑडिटमध्ये हॅमर टेस्ट आणि अल्ट्रासोनिक टेस्टने काँक्रीटची ताकद आणि आतल्या पोकळ्यांचा अंदाज घेतात. फिनॉल्फ्थॅलिन लावल्यावर काँक्रीट गुलाबी झालं तर तेवढा भाग अजून सुरक्षित आहे.

फोन इथे कॅमेरा म्हणून कामाला येतो. पार्किंगमधले कॉलम, जिन्याखालचा भाग, गच्ची, बाथरूमखालचं छत यांचे फोटो काढा. तडा दिसला तर बाजूला एक रुपयाचं नाणं धरून फोटो घ्या, म्हणजे रुंदी कळेल. सळईच्या रेषेत जाणारा तडा, तपकिरी डाग, सुटलेलं काँक्रीट: हे फोटो स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. निदान त्यांनाच करू द्या.

३. फरशी बदलायची? आधी वजन मोजा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथे धोका आपण स्वतः तयार करतो.

२० मे २०२५ ला कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू होतं. स्लॅब कोसळला आणि खालचे मजले भेदत तळापर्यंत गेला. ६ जणांचा जीव गेला. मेलेले लोक काम करून घेत नव्हते.

साधा हिशेब करूया. जुनी फरशी न काढता वर ४ सेंटिमीटर सिमेंट-वाळूचा थर आणि त्यावर १ सेंटिमीटरची टाइल टाकली, तर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वजन वाढतं. ४०० चौरस फूट म्हणजे साधारण ३७ चौरस मीटर. एकूण ३,७०० किलो! चार छोट्या गाड्या हॉलमध्ये कायमच्या उभ्या केल्यासारखं. भारतीय मानकानुसार राहत्या घराचा स्लॅब माणसं-सामान यांच्यासाठी चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात. त्यातली निम्मी ताकद नुसत्या फरशीने खाल्ली. आणि हा हिशेब स्लॅब नवा असतानाचा आहे.

म्हणून:

• जुन्या फरशीवर जाड थर टाकू नका. ॲडेसिव्हने बसणारी पातळ टाइल किंवा व्हिनाइल फ्लोअरिंग खूप हलकं पडतं.
• जुनी फरशी काढायचीच असेल तर ब्रेकर मशीन वापरायचं की नाही ते इंजिनिअरला विचारा.
• रॅबिटच्या गोण्या आणि सिमेंटच्या बॅगा एका खोलीत रचू नका. ५० किलोच्या ४० बॅगा म्हणजे दोन टन.
• ओपन किचनसाठी भिंत पाडण्याआधी ती भार उचलणारी आहे का बघा. जुन्या चाळींत आणि वाड्यांत बहुतेक भिंती तशा असतात.
• सोसायटीची लेखी परवानगी घ्या. खालच्या मजल्यावरच्यांना सांगा, तो त्यांचाही स्लॅब आहे.

४. आता स्मार्ट होम

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच मजेचा भाग. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. तिथे १ किंवा २ किलोवॅट असेल आणि तुम्हाला दीड टनाचा एसी, गीझर, इंडक्शन सगळं हवं असेल, तर भार वाढवायचा अर्ज आणि नवीन वायरिंग दोन्ही लागेल. एसी आणि गीझरला स्वतंत्र सर्किट आणि चार एमएमची तांब्याची वायर घ्या. बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा आणि अर्थिंग खरंच चालतंय का तपासून घ्या.

स्मार्ट स्विचची अडचण वेगळी. त्याच्या आतल्या चिपला सतत वीज लागते, त्यासाठी स्विचबोर्डात न्यूट्रल वायर हवी. अनेक जुन्या बोर्डांत ती नसते. रीवायरिंग करतानाच प्रत्येक बोर्डात न्यूट्रल ओढून घ्या, नंतर भिंत फोडावी लागेल. वायफायचं तेच. नऊ इंची विटांच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल दमतो, म्हणून प्रत्येक खोलीपर्यंत लॅन केबलचा पाइप आत्ताच टाकून ठेवा.

५. रीडेव्हलपमेंट होणार असेल तर?

४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के सभासदांच्या संमतीने सोसायटी पुनर्विकासाचा निर्णय घेऊ शकते. इमारत दोन-तीन वर्षांत जाणार असेल तर लाखोंचं इंटिरियर मलब्यात जाईल. अशा घरात फक्त वायरिंग, गळती आणि रंग करा. पण 'रीडेव्हलपमेंट होणार आहे' म्हणून जास्त भाव मागत असतील तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि कन्व्हेयन्स दाखवा म्हणा. कन्व्हेयन्स नसेल तर ते 'होणार' बरीच वर्षं 'होणार'च राहू शकतं.

६. पैशाचा हिशेब

घराच्या किमतीवर सध्या ठाणे-कल्याण पट्ट्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, घर स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का सूट, आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. बँक इमारतीचं वय आणि उरलेलं आयुष्य बघते, त्यामुळे टोकन देण्याआधी कर्जाचं तोंडी नाही, लेखी उत्तर घ्या. शिवाय सोसायटीची मोठी दुरुस्ती निघाली तर तुमच्या वाट्याला किती येईल तेही धरा. हे सगळं मिळवून भाव नव्या घराच्या जवळ जात असेल, तर जुनं घर स्वस्त नाही.

आम्ही आतापर्यंत नऊ घरं बघितली. चार ओसीवर बाद झाली, तीन ऑडिटवर. उरलेल्या दोनपैकी एका सोसायटीने तिसऱ्या दिवशी ऑडिटचा पूर्ण रिपोर्ट पीडीएफमध्ये पाठवला. घर सगळ्यात कळकट आहे, किचनचा ओटा तुटलाय, बाथरूमची टाइल निळी आहे. आता आमचा इंजिनिअर तो रिपोर्ट तपासतोय. त्याने होकार दिला तरच टोकन. ओटा कधीही बदलता येईल, कॉलम नाही.