मामांची गिटार आणि अडीच इंच

गेल्या वर्षी माझ्या मामांचा डावा खांदा आखडला आणि माझ्या आजोळी संध्याकाळचे संगीत बंद पडले. मामा सत्तरी ओलांडलेले. मामी गेल्यापासून त्यांना सोबत होती ती एका हवाइयन गिटारीची. ही गिटार मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवीत सूर काढायचे. व्हॅन शिपली यांच्या सिनेगीतांच्या रेकॉर्डी ऐकून मामांना हा नाद लागला. पुढे १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार त्यांनी ऐकली आणि स्वारी रागदारीकडे वळली.

एके दिवशी मामा म्हणाले, “अरे, ही गिटार कुणा शिकणाऱ्या पोराला देऊन टाक. पहिल्या पडद्याकडे हात नेला की खांद्यातून अशी कळ येते, की तारेआधी मीच ओरडतो!”

बोलताना ते हसले. पण गिटारीवरची धूळ त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसली, ती मात्र मला पाहवली नाही.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. वृत्तांतल्या मात्रा मोजण्यापलीकडे माझे गणित कधी गेलेले नाही. तरीही शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि वरच्या अटीपासून घोडीपर्यंत, म्हणजे तारेचा जेवढा भाग वाजतो तेवढा मोजला. भरला २५ इंच. चौकशी करता कळले, की या वाद्यात २२.५ इंचांची लांबीही जुनीच आहे. हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकु या तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही वादनपद्धती रूढ केली. १९३२ साली अमेरिकेत रिकनबॅकरची विजेवरची ‘फ्राइंग पॅन’ गिटार बाजारात आली, तीही २२.५ आणि २५ इंच अशा दोन मापांत मिळे. दांड्याला जोडलेल्या तव्यासारखी दिसे, म्हणून हे नाव!

आता या अडीच इंचांनी काय होते? एकच तार दोन्ही गिटारींवर एकाच सुरात लावली, तर लांब गिटारीवर तिचा ताण जवळजवळ पाव हिश्श्याने वाढतो. तार खणखणीत बोलते, कांडीखाली दबत नाही. आखूड गिटारीवर ती सैल पडते. मग किंचित जाड तारा चढवाव्या लागतात. या वाद्यावरचे पडदे म्हणजे नुसत्या खुणा. सूर सापडतो तो कांडीच्या जागेवर. बाराव्या पडद्यापासून तेराव्यापर्यंतचे अंतर लांब गिटारीवर सुमारे १८ मिलिमीटर, आखूडवर १६. म्हणजे हात तेवढाच चुकला, तरी आखूड गिटारीवर बेसूर अधिक. मींडेलाही जागा कमी. उलट, कांडी तिरपी धरून दोन-तीन सूर एकत्र काढणाऱ्यांना जवळजवळचे पडदे सोयीचे पडतात.

राग वाजवणाऱ्या मामांना लांब गिटारच हवी, असे हा सगळा हिशेब सांगत होता. पण खांद्याला हिशेब कोण शिकवणार?

शेवटी मी एक फळी आणली. तिच्यावर खडूने घोडी आखली, तिथून २५ आणि २२.५ इंचांवर दोन अटी आखल्या आणि दोन्हींचे पहिले पडदेही मांडले. ही फळी मामांच्या मांडीवर ठेवली. उजवा हात घोडीशी, डाव्या हातात कांडी. “मामा, आता हात हळूहळू डावीकडे न्या,” मी म्हणालो. लांब मापाच्या पहिल्या पडद्याशी पोचताच त्यांचा चेहरा वाकडा झाला. आखूड मापाचा पहिला पडदा त्याच्या सव्वादोन इंचांहून जरा अधिक अलीकडे. तिथे हात गेला, थांबला, परत आला. मामांनी पुन्हा नेला. मग माझ्याकडे न पाहताच त्या मुक्या फळीवर कुठलीशी चीज वाजवू लागले!

२२.५ इंचांची गिटार आली. तारा जरा जाड घेतल्या. पहिले पंधरा दिवस मामांची कुरकूर चालली होती, “अरे, सूर सगळे शेजारी शेजारी येऊन बसलेत, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे!” हळूहळू हाताला नवी अंतरे कळली. वरच्या सप्तकात अजूनही कांडी कधी पुढे जाते. मग मामा जीभ चावतात आणि ती जागा पुन्हा घेतात.

वाचकहो, तुमच्या घरी कुणाला हे वाद्य घ्यायचे असेल, तर दुकानात जाण्याआधी एक फळी आणि खडू घ्या. ताण, मींड, गोडवा यांचा विचार जरूर करा. पण रोज बसणाऱ्याचा हात जिथे विनातक्रार पोचतो, ते माप आधी पाहा. उत्तम वाद्य भिंतीला टेकून राहिले, तर त्या उत्तमपणाचे करायचे काय?

जुनी गिटार आम्ही कुणाला दिली नाही. माझी मुलगी तिच्यावर शिकते आहे. आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे मामांनी भूप वाजवला, तेव्हा खांदा दुखतो का हे विचारायचे मी विसरूनच गेलो.