खांदेरीला होडीने जायचे तर

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर समुद्रात दोन बेटे दिसतात. जवळचे, बसके, ते उंदेरी. त्याच्या पलीकडे दोन टेकड्यांचे आणि दीपगृहाचे, ते खांदेरी. थळ हे गाव रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या उत्तरेला आहे. थळहून खांदेरी पाचएक किलोमीटर. उंदेरी निम्म्या वाटेच्याही अलीकडे.

डोळ्यांना रोज दिसणाऱ्या या बेटांवर काठावरची किती माणसे गेली असतील? फार थोडी. "जाऊ की एकदा!" असे सगळेच म्हणतात. आमच्या मंडळींनीही म्हटले, आणि आम्ही गेलो. त्या सहलीत आमची चांगलीच फजिती झाली. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे सगळे नीट कळेल.

आम्ही दिवस ठरवला रविवार. का? तर सुट्टी होती म्हणून. तीन होड्या ठरवल्या. सकाळी सातला निघायचे ठरले, पण कोणाचा डबा राहिला, कोणाचे पोर झोपले होते. निघायला नऊ वाजले. तोवर पहाटेचा वारा पडला होता. शिडे लुळी पडली, निम्मी वाट वल्ही मारावी लागली. बेटावर पोचलो ते बारा वाजता. जेवणखाण, गप्पा, आणि परत निघालो तीनला. थळजवळ आलो तर काय, समुद्र मागे गेलेला! सकाळी जिथून होडीत बसलो होतो तिथे खडक उघडे पडले होते. त्यांच्यावर लाटा फुटत होत्या. तांडेल म्हणाला, "आता होडी आत घालणार नाही. पाणी येईतो थांबायचं." तांडेल म्हणजे होडीचा मुख्य नावाडी. त्याने बाहेरच नांगर टाकला.

दोन तास आम्ही तिथे हेलकावे खात बसलो. मुले ओकायला लागली. पिण्याचे पाणी संपले. एकाला धीर निघेना. तो कमरेएवढ्या पाण्यात उतरून चालत निघाला आणि कालवांच्या शिंपांनी त्याचे पाऊल चिरले. पण खरा घोळ काठावर झाला. काळोख पडू लागला, होड्या येईनात. कोणी म्हणे एकोणीस माणसे गेली आहेत, कोणी म्हणे तेवीस. दिव्याच्या उजेडात दोन होड्या दिसल्या, तिसरी आडोशाला होती म्हणून दिसली नाही. झाले, होडी बुडाल्याची बातमी गावभर पसरली. एक म्हातारी ऊर बडवत वाळूत बसली होती. तिचा मुलगा आमच्याबरोबर आलाच नव्हता. तो अलिबागला सिनेमाला गेला होता!

आता सांगा, आमचे चुकले कुठे? तांडेलाचे चुकले नाही, होडीचेही नाही. आम्ही दिवस कॅलेंडरातली सुट्टी बघून ठरवला. तो पाणी आणि वारा बघून ठरवायचा असतो.

आधी पाण्याचे बघू. समुद्राचे पाणी दिवसात दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. चंद्राच्या ओढीमुळे हे होते. चंद्र रोज उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. म्हणून आपल्या किनाऱ्यावर जुन्या माणसांनी एक सोपा हिशेब बसवला आहे. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती.

चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे भरती दुपारी तीनला आणि पहाटे तीनला. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. भरती सहाला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा तास इकडे-तिकडे होतो, पण सहल ठरवायला तो पुरतो. मात्र हा हिशेब मुंबई-अलिबागकडच्या किनाऱ्याचा. दूरच्या बंदरांच्या वेळा वेगळ्या असतात. नक्की वेळ हवी तर भरती-ओहोटीचे छापील तक्ते मिळतात.

आमचा रविवार कोणत्या तिथीचा होता ते आम्ही मागून पाहिले. द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला पूर्ण भरती, दुपारी तीनला पूर्ण ओहोटी. निघताना पाणी भरपूर होते म्हणून आम्ही खूश होतो. परत येताना ते नसणार, हे एक लहानसा गुणाकार केला असता तर आदल्या आठवड्यातच कळले असते. आमच्यात दोघे मास्तर होते, हे इथे सांगायला थोडी लाज वाटते.

आणखी दोन शब्द. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती फार चढते आणि ओहोटी फार उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला चढउतार कमी असतो. तो भांग. उधाणाच्या दिवशी पाण्याला ओढ फार असते. अशा दिवशी बायकामुलांना घेऊन लहान होडीत बसू नये.

आता वाऱ्याचे. चुलीवर तवा ठेवला तर लगेच तापतो आणि खाली उतरवला की लगेच निवतो. पाण्याचा हंडा तापायला वेळ घेतो आणि निवायलाही वेळ घेतो. जमीन तव्यासारखी आहे, समुद्र हंड्यासारखा. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो. मग पहाटे गार हवा जमिनीवरून समुद्राकडे वाहते. हे मतलई वारे. दुपारी जमीन तापते, तेव्हा वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो. हे खारे वारे.

म्हणजे बघा, सकाळी वारा आपल्याला बेटाकडे नेतो आणि दुपारी तोच घरी आणतो. फक्त त्याची वेळ आपण सांभाळायची. मतलई वारा नऊ-दहाच्या सुमाराला पडतो. मध्ये काही वेळ समुद्र स्तब्ध असतो. दुपारी खारा वारा सुरू होतो आणि तिसऱ्या प्रहरी तो चांगला जोर धरतो. हा खेळ हिवाळ्यात, मार्गशीर्षापासून माघापर्यंत, छान चालतो. पावसाळ्यात तो विसरा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणून लगेच सहलीचा समुद्र होत नाही.

पाणी आणि वारा यांची सांगड घातली की दिवस आपोआप सापडतो. दुपारी परतताना भरती चढती हवी. मग पंचमी बरी. पाचाची पाऊणपट पावणेचार. समजा, माघ शुद्ध पंचमी म्हणजे वसंतपंचमी धरली. पहाटे पावणेचारला भरती, सकाळी दहाच्या आत ओहोटी, दुपारी पावणेचारला पुन्हा भरती. साडेसहाला, उजाडता उजाडता निघायचे. तेव्हा किनाऱ्याशी अजून पाणी असते आणि पाठीशी मतलई वारा. खांदेरीला साडेआठ-नऊपर्यंत पोचता येते. तिथे उतरायला धक्का आहे, पण पाणी खाली गेलेले असेल. म्हाताऱ्यांना आणि पोरांना दोघांनी हात द्यावा. दीड-दोनला परत निघायचे. उंदेरी वाटेतच लागते. तिच्याभोवती खडक आहेत, म्हणून भरतीच्या पाण्यावरच तिथे होडी लावणे सोपे जाते. म्हणून आधी लांबचे खांदेरी आणि परतताना जवळचे उंदेरी. आम्ही पहिल्या खेपेला उलटे केले होते. उंदेरीला होडी टेकवण्यातच अर्धा तास घालवला आणि शेवटी न उतरताच पुढे गेलो.

खांदेरीवर काय बघायचे? किल्ल्याचा तट आहे, तोफा आहेत, गोड्या पाण्याची टाकी आहेत. १८६७ साली बांधलेले दीपगृह आहे. कोळ्यांचा वेताळ आहे. एक मोठा धोंडा आहे, त्यावर दगड आपटला की भांड्यासारखा आवाज येतो. पोरे तिथून हलत नाहीत.

आणि एक गोष्ट पोरांना जरूर सांगा. १६७९ साली शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी हे तिथले प्रमुख. मुंबईच्या इंग्रजांना हे खपले नाही. त्यांनी आपली जहाजे आणून बेटाची वाट अडवली. पण मोठ्या जहाजाला खोल पाणी लागते आणि भरपूर वारा लागतो. मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात, वल्ही मारत सामान घेऊन बेटावर जात. जहाजे बघत राहिली आणि तट वर चढत राहिला. १६८० साली इंग्रजांना माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी धरले, आणि पुढे कितीतरी वर्षे ही दोन बेटे एकमेकांवर तोफा डागत राहिली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत खांदेरी आहे.

आता तयारी. बेटावर उतरायची परवानगी आणि होडीचा परवाना यांची चौकशी आधी बंदराच्या कार्यालयात करावी. तिथेच हवामानही विचारावे. धोक्याचा बावटा लागला असेल तर सहल रद्द. भाकऱ्या घरी बसून खाव्या.

आता बहुतेक होड्यांना यंत्र असते. तरी शिडावर जायचे असेल तर शीड बांधायला जाणणारा तांडेल हवा. यंत्र असले तर ते अडीअडचणीला राहू द्यावे. एकटी होडी कधी नेऊ नये, निदान दोन हव्यात. हाक ऐकू जाईल इतक्या अंतराने चालावे. सर्वांत हळू होडी पुढे ठेवावी आणि सर्वांत जाणता तांडेल शेवटच्या होडीत बसवावा. म्हणजे मागे कोणी राहत नाही.

माणसे किती बसवायची? "अजून एक मावेल" असे म्हणणारा हरेक गावात असतो. त्याचे ऐकू नका. सगळे बसल्यावर होडीचा काठ पाण्याच्या वर हातभर तरी राहिला पाहिजे. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवे, पोहता येणाऱ्याच्याही. ते बुडाखाली घेऊन बसायची उशी नव्हे. माणशी तीन लिटर पाणी, आत आलेले पाणी उपसायला डबा, एक जादा दोर, विजेरी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला फोन. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ आहे. बेटाजवळ रेंज मिळेलच असा भरवसा मात्र धरू नका.

चालत्या होडीत कोणी उभे राहू नये. शिडाची दोरी खुंट्याला पक्की बांधू नये, हातात धरावी. जोराचा झोत आला की लगेच सैल सोडता येते. बांधलेली असली तर तोवर होडी कलंडते. तशातून होडी उलटलीच तर काठ जवळ दिसला तरी पोहत सुटू नये. उलटी होडीही तरंगते. तिला धरून राहावे. दुसरी होडी येते, आणि लांबून माणसाच्या डोक्यापेक्षा होडी लवकर दिसते.

तांडेल म्हणाला परत फिरायचे, तर फिरायचे. पैसे दिले आहेत, पाहुणे आले आहेत, बेट तर हे काय समोर आहे, असली बोलणी तिथे काढायची नाहीत. पैशाचे काय ते काठावर आल्यावर बोलावे.

शेवटचे काम निघण्याच्या आदल्या रात्रीचे, आणि ते तुम्हीच करायचे. तुम्हाला आता लिहिता येते. एक कागद घ्या. प्रत्येक होडीसाठी एक रकाना पाडा. त्यात होडीचे नाव, तांडेलाचे नाव आणि बसणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहा. तान्ह्या पोराचेही लिहा. आयत्या वेळी कोणी गळले तर ते नाव खोडा, कोणी वाढले तर लिहा. खाली लिहा: किती वाजता निघालो, कुठे जाणार, किती वाजता परत येणार. आणि हेही लिहा, की अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर कोणाला कळवायचे. पंचमीची दुपार असेल तर पाच वाजता लिहायला हरकत नाही.

हा कागद होडीत न्यायचा नाही. काठावर राहणाऱ्या एका शहाण्या माणसाकडे द्यायचा. पुढच्या खेपेला आम्ही तो त्याच म्हातारीकडे दिला. तिला वाचता येत नव्हते, पण तिची नात शेजारी बसली होती. साडेतीनला होड्या वाळूला लागल्या. नात एकेक नाव मोठ्याने वाचू लागली. ज्याचे नाव येईल त्याने "आलो" म्हणायचे, आणि म्हातारी कोळशाने त्या नावापुढे रेघ ओढायची. सव्वीस नावे होती. सव्वीस रेघा झाल्या तेव्हा तिने कागद घडी करून कमरेला खोचला आणि विचारले, "उंदेरीला उतरलात का रे या वेळी?"